पाच मीटर कुणाचे?

आपल्याकडे कुणी नवी गाडी घरी आणली, की ती पाहायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "केवढ्याला पडली?" दुसरा, "ॲव्हरेज किती देते?" आणि तिसरा, घरातल्या तरुण मंडळींचा, "पळते किती?" गाडी थांबते का, असं विचारणारा मनुष्य मला आजवर भेटलेला नाही. जणू पळणं हा गाडीचा गुण आणि थांबणं हा मालकाचा खासगी प्रश्न! पूजेच्या वेळीसुद्धा बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, स्टिअरिंगला हार पडतो, चारही चाकांखाली लिंबं चिरडली जातात. ब्रेकच्या पेडलला मात्र कुणी हळदीचं बोटही लावत नाही.

यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. ब्रेक हा शब्द मराठीत आला तो वाईट संगतीतच वाढला. पुलाच्या कामाला ब्रेक लागतो, बढतीला ब्रेक लागतो, जमत आलेल्या लग्नाच्या बोलण्यांनाही लागतो. त्याच्या आधी हे अप्रिय काम खीळ आणि आडकाठी या दोघी बघत होत्या. "ब्रेक लागला!" असं आनंदाने म्हणावं असा प्रसंग आयुष्यात एकाच माणसावर येतो. ज्याच्यापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली, त्याच्यावर. आणि त्याला त्या क्षणी व्याकरणशुद्ध बोलण्याचं भान नसतं.

हा सगळा विचार मला मिरजगावात बसून करावा लागला, याला कारण आमचा भाचा. मिरजगाव हे कर्जत तालुक्यातलं, नगर-सोलापूर रस्त्यावरचं गाव. (२०२४ सालापासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, आणि ज्यांच्या नावावरून झालं त्या अहिल्याबाईंचं चौंडी आमच्यापासून फार लांब नाही. पण बोलताना जिभेवर अजून नगरच येतं, त्याला इलाज नाही.) रस्त्यावरच्या गावाचं आयुष्य असं असतं, की घर एका अंगाला आणि घरची सगळी कामं दुसऱ्या अंगाला. दूध घालायला रस्ता ओलांडा, चक्कीवर दळण टाकायला रस्ता ओलांडा. आठवडे बाजाराच्या दिवशी तर माणसं, शेळ्या, कोथिंबिरीच्या जुड्या आणि उसाच्या ट्रॉल्या यांचं रस्त्यावर एकच संमेलन भरतं. त्याला अध्यक्ष नसतो, आणि आभारप्रदर्शन ट्रकवाले हॉर्नने करतात.

अशा या गावी आमचा भाचा पुण्याहून आपली 'परफॉर्मन्स कार' घेऊन आला.

"परफॉर्मन्स कार म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"म्हणजे साधी नाही अशी, मामा. शून्यापासून ताशी शंभरवर सात सेकंदांत जाते."

"आणि शंभरवरून शून्यावर?"

त्याचा चेहरा एकदम उजळला. इतक्या वर्षांत मामाने पहिला शहाणा प्रश्न विचारला, असा भाव त्यावर होता. "तेच तर! ब्रेक पॅड संपलेत. नवे कुठले घ्यावेत यावर गेले दोन महिने अभ्यास चाललाय."

दोन महिने! याच्या आईने याच्यासाठी मुलगी पाहायला घेतली तेव्हा यानं दोन दिवससुद्धा दिले नव्हते. पण पुढचे दोन दिवस त्याने जे काही ऐकवलं, त्यावरून पॅड निवडणं आणि स्थळ निवडणं यांत फार अंतर नाही असं माझं मत झालं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सायकलचा ब्रेक दाबला की रबराचे दोन ठोकळे चाकाच्या रिमला चिमटा घेतात. मोटारीतही तेच. चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी चकती असते आणि तिला दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमटा घेतात. गाडीच्या वेगाची उष्णता होते आणि पॅड स्वतः झिजत जातो. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला, की त्याला लावलेली एक छोटी धातूची पट्टी चकतीला घासून किंचाळू लागते. ती किंचाळावी म्हणूनच बसवलेली असते. प्रत्येक घरात हे काम करणारी एक वडीलधारी व्यक्ती असते; तिचंही आपण असंच काच वर करून ऐकेनासं करतो.

तर स्थळं अशी होती. एक, गाडीबरोबर आले होते तसलेच पॅड. घरंदाज, पण भाच्याच्या मते 'बोअर'. दुसरे, जोरात गाडी हाकणाऱ्यांसाठी बनवलेले. पकड जास्त, धूळ जास्त, किंमत तर फारच जास्त. तिसरे, शर्यतीच्या ट्रॅकवरचे. आणि चौथे, बाजारात नुसत्या खोक्यात मिळणारे, ज्यांच्या आईबापांचा पत्ता नाही.

यातलं तिसरं स्थळ भाच्याच्या मनात भरलेलं होतं. त्याची गंमत अशी, की शर्यतीचे काही पॅड दोनशे अंशांच्या पुढे तापल्याखेरीज नीट पकडतच नाहीत. एकदा तापले की सहाशे अंशांनाही डगमगत नाहीत. साधा पॅड अशा तापात हात टेकतो. घाट उतरताना सतत पाय ठेवला तर पेडल दाबलं जातं पण गाडी ऐकत नाही, ती हीच अवस्था. पण थंडीच्या सकाळी घरातून निघून पहिल्याच वळणावर आडवी शेळी आली, तर शर्यतीचा तो शूरवीर अजून झोपेत असतो. म्हणजे रणांगणावर पराक्रमी आणि घरात बिनकामाचा. असे पुरुष आपल्या इतिहासात पुष्कळ झाले, पण त्यांच्या बायकांना कुणी विचारलेलं नाही.

पॅडच्या पाठीवर पत्रिकाही छापलेली असते. पुष्कळ पॅडवर दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर पॅड थंड असताना किती धरतो ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती धरतो ते. 'ई' म्हणजे घर्षणाचा अंक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, आणि 'जी' त्याच्यावर, ०.५५ पर्यंत. ही पद्धत मला इतकी आवडली, की ती माणसांनाही लागू करावी असं वाटू लागलं. आमच्या गल्लीतच थंडपणी 'जी' आणि तापल्यावर 'ई' असे चार गृहस्थ आहेत. एरवी दारातला पेपरही दुसऱ्याला हलू देत नाहीत. आवाज चढला, की सगळंच सुटतं. थंड-गरम दोन्ही वेळा 'एफ' असणारा माणूस मिळाला, तर मुलीच्या बापाने बाकी काही पाहू नये.

आणि एक चमत्कार पाहा. बदली पॅडसाठी युरोपात नियम आहे, की त्यांचं घर्षण मूळ पॅडच्या पंधरा टक्क्यांच्या आत असलं पाहिजे. कमी नको, तसं जास्तही नको. कारण पुढची चाकं वाजवीपेक्षा जास्त पकडू लागली, तर पुढच्या-मागच्या चाकांचा समतोल बिघडतो. जास्त चांगलं हेही वाईट असू शकतं, हे आपले संत सांगून थकले. मोटारवाल्यांनी त्याला टक्के लावले.

पॅडचा जन्मही मोठा घरगुती आहे. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाचा एक गृहस्थ होता. डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखात उतारावरून येणाऱ्या शेतकऱ्यांच्या गाड्यांच्या लाकडी ब्रेकवर जुने बूट ठोकलेले असत, आणि त्यावरून त्याला ब्रेकच्या अस्तराची कल्पना सुचली, असं सांगतात. १८९७ मध्ये त्याने धंदा सुरू केला. स्वतःच्या नावाची अक्षरं उलटसुलट केली, त्यांत बायकोच्या एलिझाबेथ या नावातला 'ई' मिसळला आणि 'फेरोडो' हे नाव तयार केलं. जुना जोडा आपल्याकडेही मोटारीला लावतात, पण दृष्ट लागू नये म्हणून, ट्रकच्या मागे. तात्पर्य, संकटात दोन्ही देशांचा भरवसा पायताणावरच. त्यांनी ते चाकाला लावलं, आपण बंपरला, एवढाच काय तो फरक.

पुढे लँचेस्टर या इंजिनियराने १९०२ साली चकतीच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याचे ब्रेक तांब्याचे होते आणि ते भयंकर किंचाळत. मग अस्तर आलं ते ॲस्बेस्टॉसचं. स्वस्त, टिकाऊ, आगीला न भिणारं. १९५३ मध्ये चकतीच्या ब्रेकवर जॅग्वारने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत मारली आणि या ब्रेकचं नाव सर्वत्र झालं. पण अस्तराची धूळ कुठे गेली, हे शर्यतीच्या निकालात छापत नाहीत. ती जाते गॅरेजमधल्या माणसाच्या छातीत. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी होणारा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनीही डोकं वर काढतो. फ्रूडच्या देशाने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे तशी संपूर्ण बंदी नाही. म्हणून त्या बेवारशी खोक्यातल्या चौथ्या स्थळाला 'तू कशाचा बनलास' हे विचारणं भाग आहे. तांब्याचंही तेच. पॅडमधून झिजलेलं तांबं पावसाबरोबर ओढ्यांत जातं आणि माशांना बाधतं, म्हणून अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० मध्ये पॅडमधलं तांबं कमी करण्याचे कायदे केले. आमच्या रस्त्यावरची धूळ पावसाळ्यात सीनेला मिळते. सीनेतल्या माशांना मोटारीचा षौक नाही, तरी वर्गणी त्यांच्याकडूनही वसूल होते.

हे मी भाच्याला सांगत होतो ते आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजात. चाक खोललेलं होतं आणि त्यांचा पोरगा धूळ उडवायला तोंडाचा चंबू करत होता. "फुंकू नको रे!" मिस्त्री ओरडले, "पाणी मार, ओल्या फडक्यानं पूस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आम्ही तीस वर्षं फुंकलं. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं."

पॅडच्या चारही स्थळांविषयी मिस्त्रींना मत विचारलं. त्यांनी भाच्याचे जुने पॅड हातात घेऊन नखाने चाचपले, चकतीवरून बोट फिरवलं आणि एकच प्रश्न केला, "तुम्ही ब्रेक मारता का लावता?"

भाचा गोंधळला. मिस्त्री म्हणाले, "लावणाऱ्याचे पॅड इतक्या लवकर संपत नाहीत. तुम्ही मारता."

यावर भाच्याने आपली खरी बाजू मांडली, आणि ती मांडणी मला कबूल केली पाहिजे, पक्की होती. तो म्हणाला, "मामा, ब्रेक हे हळू जाण्यासाठी नसतातच. ते जोरात जाता यावं म्हणून असतात. ज्या गाडीला ब्रेकच नाही, ती तुम्ही ताशी पाचच्या वर नेणार नाही. ब्रेक जितके चांगले, तितकं वळणाच्या जवळ जाऊन ते लावता येतात. म्हणून तर चांगले पॅड घ्यायचे."

वाक्य खोटं नव्हतं, तरी मला झोप येईना. नगरला, आमच्यापासून पन्नासएक किलोमीटरवर, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तिच्या मार्गावर गाड्या पळवून आणि थांबवून पाहतात. तिथे एखाद्याने वळणाच्या तोंडाशी ब्रेक मारला, तर फार तर एक आकडा बिघडेल. मिरजगावच्या वळणाला आकडे उभे नसतात. तिथे माणूस उभा असतो.

मी एक हिशेब केला. समजा, सुमार ब्रेकची गाडी ताशी १०० वरून थांबायला ४५ मीटर घेते आणि चांगल्या ब्रेकची ४०. (एकदाच ब्रेक लावायचा तर टायरची पकडही तितकीच महत्त्वाची, हे भाच्याने बजावलं, पॅडची खरी परीक्षा पुन्हा पुन्हा तापल्यावर. तर दोन्हींचं मिळून धरू.) म्हणजे पाच मीटर वाचले. आता थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. वेग दुप्पट, तर अंतर चौपट. तेव्हा हीच चांगल्या ब्रेकची गाडी ताशी १०६ वर नेली, की पुन्हा ४५ मीटर. एवढे महागडे पॅड, दोन महिन्यांचा अभ्यास, आणि ते सगळं सहा किलोमीटरच्या वेगवाढीत खलास!

हे माझ्या एकट्याच्या डोक्यातलं खूळ नव्हे. जर्मनीत म्युनिक शहरात १९८० च्या दशकात काही टॅक्सींना चाक घसरू न देणारे नवे ब्रेक बसवले आणि काहींना जुनेच ठेवले. काही वर्षं दोन्हींवर नजर ठेवली. नव्या ब्रेकवाल्यांचे अपघात कमी व्हायला हवे होते. एकूण हिशेबात ते कमी झाले नाहीत. कारण ते ड्रायव्हर वळणं जास्त जोरात घेऊ लागले होते. शास्त्रज्ञांनी दिलेली सुरक्षितता त्यांनी घाईच्या दुकानात मोडून खाल्ली.

माझा प्रश्न इथेच येऊन थांबतो. ते पाच मीटर कुणाचे?

भाचा म्हणतो, माझे. पैसे मी मोजले. पण पाच मीटर म्हणजे किती? साधारण एका पाचवारी पातळाची लांबी. रस्ता ओलांडणारी एक म्हातारी आणि तिच्या दोन शेळ्या त्यात आरामात मावतात. गाडीतला संगीताचा डबा, गाद्या, थंड हवा हे सगळं घेणाऱ्याच्या सुखासाठी असतं. ब्रेकचंही थोडं सुख आपल्याला आहे, नाही असं नाही. भिंतीवर आदळणं कुणालाच आवडत नाही. पण गावच्या रस्त्यावर त्याचा मोठा वाटा समोरच्याचा. पैसे आपण देतो, गाडी आपली, पाय आपला, आणि वस्तू दुसऱ्याची. ते पाच मीटर म्हणजे अनोळखी माणसाने आपल्याकडे ठेवलेली अनामत आहे. ठेवणाऱ्याला पत्ता नाही, पावती नाही. अशी अनामत मोडून स्वतःची हौस भागवणं, याला कोर्टात नाव नसेल. घरात काय म्हणतात ते सर्वांना ठाऊक आहे.

"मग बैलगाडीच बरी म्हणा की!" भाचा म्हणाला.

बरी नव्हे. बैलगाडी उताराला लागली, की ब्रेक म्हणजे बैलाची मान. मागचा सगळा भार जुवावरून तिच्यावर येतो आणि गाडीवान वर बसून विडी ओढत असतो. थांबण्याची किंमत दुसऱ्याच्या मानेवर टाकायची ही युक्ती मोटारीने काढलेली नाही. आणि वेग हेही काही पाप नव्हे. रात्री अडलेली बाळंतीण मिरजगावहून नगरला न्यायची असते, तेव्हा ताशी चाळीसचा उपदेश करणाऱ्याला पहिल्यांदा गाडीबाहेर काढावं. तिथे पाच मीटर खर्च होतात ते आणखी एका दुसऱ्यासाठीच, आणि ड्रायव्हर ते जीव मुठीत धरून खर्च करतो. प्रश्न आहे तो, कुणी वाट पाहत नसताना जोरात जाणाऱ्यांचा. म्हणजे बहुतेक वेळा आपल्या सगळ्यांचाच.

दोन दिवस हा वाद चालला. मग भाच्याने मूळ जातीचेच पॅड घेतले. ॲस्बेस्टॉस नसलेले, थंडपणी 'एफ' आणि तापल्यावरही 'एफ'. माझ्या तत्त्वज्ञानाचा हा विजय, असं मी समजत होतो. "ट्रॅकवाल्या पॅडची डिलिव्हरी तीन आठवड्यांनी होती," असं त्याने नंतर सौ.ला सांगितल्याचं कळलं. असो. नवे पॅड चकतीवर बसेपर्यंत पहिले काही दिवस गाडी सबुरीने चालवायची असते, हे मिस्त्रींनी त्याला दोनदा बजावलं. मला तर वाटतं, हा सबुरीचा काळ जन्मभराचा आहे असं खोक्यावरच छापावं.

न मोडलेल्या या अनामतीबद्दल कुणी तुमचे आभार मानील, ही आशा मात्र ठेवू नये. वेळेवर लावलेल्या ब्रेकचा इतिहास होत नाही, पंचनामा तर होतच नाही. उलट ती म्हातारी आपल्या दोन्ही शेळ्या ओढत पलीकडे पोहोचेल आणि वळून म्हणेल, "मुडद्या, डोळे फुटले का तुझे!" हे शब्द काच खाली करून नीट ऐकून घ्यावेत. अनामत शाबूत असल्याची पावती मिळाली तर ती एवढीच.